जुलाबापासून लुळेपणापर्यंत: एका मेदरेणूची गोष्ट

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरातून, किरकिटवाडी, नांदेड, धायरी अशा गावठाणांतून आणि सोसायट्यांतून, पायांतली ताकद गेलेली माणसे एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. बहुतेकांची हकिकत सारखी होती. आधी पोट बिघडले, दोन-चार दिवस जुलाब झाले, मग बरे वाटले. त्यानंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढवेना, उठून उभे राहवेना. काहींच्या छातीचे स्नायूही थकले आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. आजाराचे नाव गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

त्या दिवसांत पाण्याबद्दल, कोंबड्यांबद्दल, टँकरबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिले जायलाच हवे होते. पण एक प्रश्न बाजूलाच राहिला. आतड्यात शिरलेल्या जंतूचा पायाच्या मज्जातंतूशी संबंध काय? कॅम्पिलोबॅक्टर मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. त्याचे एखादे विष रक्तातून तिथे जाते असेही नाही. पाय लुळे पडतात तेव्हा जुलाब थांबलेले असतात, बऱ्याचदा जंतूही शरीरातून निघून गेलेला असतो. मज्जातंतूंवर हल्ला होतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा, आणि तो होतो एका मेदामुळे. त्या मेदाचे नाव जीएम-१.

मेद म्हटले की आपल्याला तेल, तूप, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर आठवतो. शरीरातला सगळ्यात गुंतागुंतीचा मेद मात्र साठवणीचा नसतो, तो पेशींच्या पटलात असतो. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतला सगळा मेद ॲसिटोनने काढून घेतला, पाण्यावर एकेरी थरात पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन थर आहेत. त्यांच्या मोजणीत खरे तर दोन चुका होत्या. सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि निष्कर्ष बरोबर आला. हा दुहेरी थर जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग.

शाळेच्या पुस्तकात या पटलाचे चित्र असते. एक गोल डोके आणि दोन पाय असलेले एकसारखे मेदरेणू ओळीने उभे, आणि त्यांच्यात रंगीबेरंगी प्रथिने रुतलेली. हे चित्र मेदांवर अन्याय करणारे आहे. त्यातून असे वाटते की काम करतात ती प्रथिने आणि मेद नुसता भरावाला आहे. प्रत्यक्षात एका पेशीत हजाराहून अधिक प्रकारचे मेद असतात आणि कुठला कुठे असावा याचे कडक नियम असतात. एकाच थरात ते सतत इकडेतिकडे सरकतात, पण आतल्या थरातून बाहेरच्या थरात आपणहून फारच क्वचित जातात, कारण तेलकट गाभ्यातून डोके ओलांडून नेणे अवघड असते. त्यामुळे पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू वेगळ्या राहतात, आणि पेशी या फरकाचा उपयोग संदेश देण्यासाठी करते.

फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद निरोगी पेशीत आतल्या थरात असतो. तो तिथेच राहावा म्हणून पेशी सतत ऊर्जा खर्च करते. पेशीचे आयुष्य संपत आले की ही व्यवस्था मोडते, थरांची सरमिसळ होते आणि हा मेद बाहेर दिसू लागतो. भक्षकपेशी तो ओळखतात आणि मरणारी पेशी फुटण्याआधीच गिळून टाकतात, तेही सूज येऊ न देता. आपल्या शरीरात रोज कोट्यवधी पेशी अशा मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हाच मेद रक्तातल्या प्लेटलेट पेशींवर बाहेर आला तर तिथे रक्त गोठवणारी प्रथिने येऊन बसतात. संकेत एकच, पण कुठल्या पेशीवर आणि कोणत्या वेळी दिसतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

दुसरा मेद पिप-२ या नावाने ओळखला जातो. पटलात त्याचे प्रमाण अगदी थोडे असते. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशीला ओळखीचा शत्रू सापडला की काही सेकंदांत एक विकर या मेदाचे दोन तुकडे करते. एक तुकडा पेशीच्या आत जाऊन साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो, दुसरा पटलातच राहून पुढची प्रथिने जागी करतो. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला रुग्ण टॅक्रोलिमसच्या गोळ्या घेतो, त्या याच कॅल्शियमच्या निरोपाची पुढची कडी तोडतात. तिसरे उदाहरण तर घराघरातले आहे. दुखापत झाली की पटलातल्या मेदाची एक शेपटी, ॲराकिडोनिक आम्ल, कापून निघते आणि तिच्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात. ताप, वेदना, सूज ही त्यांची कामे. ॲस्पिरिन हे काम कुठे अडवते ते जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ साली त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल मिळाले.

आता जीएम-१. याची गोष्ट मेंदूपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये योहान थुडिकम नावाचा जर्मन डॉक्टर मेंदूतली रसायने वेगळी करत बसला होता. १८८४ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या अनेक रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या कामाला किंमत दिली नाही. आज मेंदूच्या मेदांचा अभ्यास त्याच्यापासूनच सुरू होतो. पुढे अर्न्स्ट क्लेंक यांनी टे-सॅक्स या आजाराने गेलेल्या मुलांच्या मेंदूत साठलेला एक मेद शोधला आणि १९४२ साली या कुळाला गँग्लिओसाइड हे नाव दिले. या मेदांचे शेपूट पटलात रुतलेले असते आणि डोक्यावर साखरेच्या रेणूंची साखळी बाहेर डोकावते. साखळीला सायालिक आम्लाचे एक किंवा अधिक फाटे असतात. जीएम-१ मध्ये चार साखरा आणि सायालिक आम्लाचा एक फाटा आहे. मज्जापेशींच्या पटलात गँग्लिओसाइड विशेष भरपूर असतात.

सायालिक आम्लाकडे नीट लक्ष द्यावे. आपल्या रक्तात पूरक प्रथिनांची एक फौज सतत फिरत असते. ती एखाद्या पृष्ठभागावर चिकटली की भोके पाडून पेशी मारते. आपल्या पेशी वाचतात त्याचे एक कारण म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरचे सायालिक आम्ल. फॅक्टर-एच नावाचे प्रथिन त्याला धरून बसते आणि पूरक प्रथिनांना थांबवते. म्हणजे बाहेर डोकावणारी ही साखर 'हा आपला' असे सांगणारी खूण आहे. खूण म्हटली की तिची नक्कल करणारेही आलेच.

नकलेआधी एका चोरीची हकिकत सांगायला हवी, कारण जीएम-१ चे जगाला खरे महत्त्व तिच्यामुळे कळले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जिवाणूची ओळख पक्की केली. पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची पंचाहत्तर वर्षे कळले नाही. जिवाणू तर रक्तात शिरतही नाही. १९५९ साली कोलकात्यातच शंभूनाथ दे यांनी जिवाणू गाळून टाकलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला. आतडे पाण्याने टम्म फुगले. पटकी हा विषाचा आजार आहे, हे त्या एका प्रयोगाने सिद्ध झाले. साधनांची वानवा असलेल्या प्रयोगशाळेत केलेला हा प्रयोग भारतीय वैद्यकातल्या सर्वोत्तम प्रयोगांपैकी एक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. दे यांना देशात जिवंतपणी जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही. १९८५ साली ते गेले.

ते विष पेशीत शिरते कसे? १९७० च्या दशकात उत्तर मिळाले. विषाच्या रेणूला पाच सारखे भाग असतात आणि ते आतड्याच्या पेशींवरच्या जीएम-१ च्या साखरेला घट्ट धरतात. पटकीच्या विषाचे दार म्हणजे एक मेद. शिवाय हा मेद नुसता दारात उभा राहत नाही. तो विषाला घेऊन पेशीच्या आत उलट्या वाटेने प्रवास करतो, जिथे प्रथिने तयार होतात त्या भागापर्यंत. तिथून विषाचा मारक भाग सुटतो, पेशी क्षार बाहेर टाकत राहते, मागोमाग पाणी जाते आणि काही तासांत माणूस सुकतो. आज याच विषाचा निरुपद्रवी भाग चमकणारा रंग लावून प्रयोगशाळेत वापरतात, पटलात जीएम-१ कुठे गोळा झाला आहे ते पाहण्यासाठी. टी-पेशींच्या अभ्यासात ही पद्धत नेहमीची झाली आहे.

आता कॅम्पिलोबॅक्टर. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो. त्यांचे शरीर आपल्यापेक्षा गरम, सुमारे ४२ अंशांचे, आणि त्याला ते मानवते. माणसांच्या जुलाबांचे हे एक फार मोठे कारण आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात यायला १९७७ साल उजाडले. ब्रिटनमधल्या मार्टिन स्किरो यांनी त्याची वाढ करण्याची सोपी पद्धत दाखवली, तेव्हा तो जिकडेतिकडे सापडू लागला.

या जिवाणूच्या बाहेरच्या पटलातही साखर लावलेला मेद असतो. त्याचे बूड म्हणजे लिपिड-ए. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक लिपिड-ए ओळखतो आणि धोक्याची घंटा वाजवतो. हा शोध १९९८ साली ब्रूस बॉइटलर यांच्या प्रयोगशाळेने लावला आणि २०११ साली बॉइटलर यांना नोबेलचा वाटा मिळाला. लिपिड-ए ला किती शेपट्या आहेत यावर घंटा किती जोरात वाजेल ते ठरते. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचा जिवाणू इथे फार चलाख आहे. पिसवेच्या थंड शरीरात तो सहा शेपट्यांचा लिपिड-ए बनवतो, पण माणसाच्या ३७ अंशांना पोचला की चार शेपट्यांचा. हा चार शेपट्यांचा लिपिड-ए आपल्या ग्राहकाला नीट ओळखता येत नाही आणि प्लेग आवाज न करता पसरतो.

कॅम्पिलोबॅक्टरची युक्ती मेदाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्या काही वाणांत बाहेर डोकावणाऱ्या साखळीचे टोक हुबेहूब जीएम-१ सारखे असते. तोच क्रम, तेच सायालिक आम्ल. 'हा आपला' ही खूण त्याने बहुधा आपल्या नजरेतून सुटण्यासाठी उचलली. पण बूड लिपिड-ए चे असल्यामुळे घंटा वाजतेच. काही माणसांत प्रतिकारशक्ती या साखरेविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जंतू मरतो, जुलाब थांबतात, पण प्रतिपिंडे रक्तात फिरत राहतात. फिरता फिरता ती मज्जातंतूंपर्यंत येतात आणि तिथे त्यांना खरा जीएम-१ दिसतो.

ही साखळी जुळवायला बरीच वर्षे लागली. चीनमधल्या हेबेई प्रांतात दर उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतली मुले लुळी पडत. पोलिओ असावा असे वाटे. १९९० च्या सुमारास शिजियाझुआंगच्या डॉक्टरांनी आणि गाय मॅकन, आर्थर ॲस्बरी, जॉन ग्रिफिन या अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञांनी मिळून ही मुले तपासली, तेव्हा तो जीबीएसचाच एक प्रकार निघाला. युरोप-अमेरिकेत नेहमी दिसणाऱ्या प्रकारात मज्जातंतूवरचे मायलिनचे वेष्टन झडते आणि त्यात हल्ल्याचे एकच लक्ष्य ठरलेले नाही. इथे मात्र वेष्टन शाबूत होते आणि हल्ला थेट आतल्या तंतूवर होता. जपानमध्ये नोबुहिरो युकी यांना अशाच रुग्णांच्या रक्तात जीएम-१ विरोधी प्रतिपिंडे सापडली. १९९३ साली त्यांनी एका रुग्णातून मिळालेल्या कॅम्पिलोबॅक्टरच्या मेदाची साखर उलगडून ती जीएम-१ सारखीच असल्याचे दाखवले. २००४ साली त्यांच्या गटाने त्या जिवाणूचा मेद सशांना टोचला. सशांच्या रक्तात प्रतिपिंडे आली आणि त्यांचे पाय लुळे पडले. आता संशयाला जागा उरली नाही.

हल्ला नेमका कुठे होतो? मायलिनचे वेष्टन सलग नसते, मधे मधे बारीक फटी असतात. त्यांना रॅनव्हियरच्या गाठी म्हणतात. सोडियम आत घेणारी दारे तिथे दाटीने असतात आणि विजेचा संदेश एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर उड्या मारत जातो. जीएम-१ तिथे उघडा असतो. मज्जातंतूंच्या मुळांशी आणि स्नायूंजवळच्या टोकांशी रक्त आणि मज्जातंतू यांच्यातला अडसर कच्चा असतो, तिथून प्रतिपिंडे शिरतात, गाठीवर चिकटतात आणि पूरक प्रथिनांना बोलावतात. ती भोके पाडतात, कॅल्शियम आत घुसते, सोडियमची दारे विस्कटतात, संदेश थांबतो. एरवी सायालिक आम्ल पूरक प्रथिनांना आवरते, पण प्रतिपिंडे इतक्या संख्येने चिकटल्यावर ते संरक्षण अपुरे पडते.

या तपशिलातून रुग्णांच्या भवितव्यातला फरक कळतो. हल्ला गाठीपुरताच राहिला आणि तंतू तुटला नाही तर गाठ दुरुस्त होते आणि माणूस काही आठवड्यांत चालू लागतो. तंतू तुटला तर तो पुन्हा वाढावा लागतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचे अंतर मीटरभर आहे. हिशेब करून पाहा.

मला या विषयातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट डोळ्यांची आहे. १९५६ साली मिलर फिशर यांनी तीन रुग्णांचे वर्णन केले. डोळे हलत नाहीत, तोल जातो, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, पण हातापायांत ताकद आहे. जीबीएसच्या या प्रकारात प्रतिपिंडे असतात ती जीक्यू-१बी या गँग्लिओसाइडविरुद्ध, आणि डोळे हलवणाऱ्या मज्जातंतूंत हा मेद विशेष दाट असतो. म्हणजे कुठला अवयव निकामी होणार ते मेदाचा पत्ता ठरवतो. आणि कुठल्या मेदाची नक्कल होणार ते कॅम्पिलोबॅक्टरचे एक विकर ठरवते. त्या विकराच्या ५१ व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असेल तर ते जीएम-१ सारखी साखर बनवते आणि हातपाय जातात. तिथे ॲस्पॅराजिन असेल तर साखर जीक्यू-१बी सारखी होते आणि डोळे थिजतात. जिवाणूच्या एका विकरातल्या एका अमिनो आम्लाचा हा परिणाम.

अशा जंतूंनी वेढलेले असूनही आपण सगळे लुळे का पडत नाही? कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांतल्या एकालाच जीबीएस होतो. स्वतःच्या साखरेविरुद्ध जाणाऱ्या पेशी शरीर एरवी दाबून ठेवते. जंतूचा वाण नकलेचा असावा लागतो, आणि माणसातही काहीतरी ढिले पडावे लागते. आजार संसर्गाने येत असला तरी जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. अशा रुग्णाजवळ जायला घाबरण्याचे काहीही कारण नाही.

यंत्रणा कळली की उपचारांचाही अर्थ लागतो. प्लाझ्माबदल, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडे असलेला द्रव काढून टाकणे, हा उपाय १९८० च्या दशकात सिद्ध झाला. १९९२ साली डच चाचणीने आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली प्रतिपिंडे, तितकीच उपयोगी असल्याचे दाखवले. ती पाच दिवस शिरेतून देतात आणि महाग असतात. ढाक्यातल्या डॉक्टरांनी साध्या साधनांनी, थोड्या थोड्या प्रमाणात प्लाझ्मा बदलण्याची स्वस्त पद्धत तपासली आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. सूज कमी करणारी स्टेरॉइड मात्र या आजारात उपयोगी पडत नाहीत, हे चाचण्यांनी दाखवले आहे.

दोन्ही उपचार लवकर, म्हणजे लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात, कारण तुटलेल्या तंतूला ते जोडू शकत नाहीत. म्हणून हे लक्षात ठेवा: जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या आल्या आणि ताकद कमी होत वर सरकू लागली, तर अशक्तपणा आहे, टॉनिक घेऊ, उद्या बघू असे म्हणू नका. त्याच दिवशी व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तासाचाही उशीर करू नका. आणि घरात कोंबडी आणली की ती आतपर्यंत शिजवा, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका, पाण्याचा भरवसा नसेल तर ते उकळून प्या.